माडाला बांधलेली गाडी

आमच्या घरची गाडी रोज संध्याकाळी माडाला बांधून ठेवत. गाय बांधतात तशी नव्हे, होडी बांधतात तशी. मागच्या बंपरला काथ्याचा जाड दोर, त्याचे माडाच्या बुंध्याला दोन वेढे, वर एक गाठ आणि पुढच्या-मागच्या चाकांखाली एकेक दगड. एवढं झालं की बाबा चार पावलं मागं सरत, एक डोळा बारीक करून गाडीकडे बघत आणि म्हणत, "बस. आता सकालपर्यंत वारा हिला हलवनार नाय." गाडीला वारा हलवत नसतो, हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत आख्ख्या वेसावे कोळीवाड्यात कुणाची नव्हती. माझी होती. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय पदार्थविज्ञान. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. त्यामुळे त्या वयात मला सगळंच ठाऊक होतं. पुढे हळूहळू कमी कमी ठाऊक होत गेलं.

बाबा मूळचे तांडेल. म्हणजे दर्यावर गेल्यावर ज्याच्या शब्दाबाहेर होडी जात नाही, तो माणूस. एकदा दोन होड्यांच्या मध्ये सापडून त्यांचा गुडघा गेला, तो गेलाच. मग होडी त्यांनी धाकट्या भावाच्या, आमच्या पांडूकाकाच्या हवाली केली आणि वांद्र्याच्या एका म्हातार्‍या डॉक्टरांची जुनी विलायती मोटार घरी आणली. आणली तेव्हा ती काळी होती. आठवड्यात हिरवी झाली, कारण होडीला मारून उरलेला रंग पडवीत पडला होता आणि वाया कशाला घालवायचा. मागची सीट काढून त्या जागी पत्रा ठोकला, म्हणजे मासळीच्या पाट्या नीट बसतील. पाट्यांतून गळणारं पाणी जावं म्हणून पत्र्याला भोकं पाडली. ती बरोबर मागच्या चाकांच्या आतल्या अंगाला आली, याचा तेव्हा कुणी विचार केला नाही. काढलेली सीट पडवीत भिंतीला लावून ठेवली. पाहुणा आला की तो तिच्यावर बसे, नाही आला तर मी. माझं सगळं बी.एस्सी. त्या मोटारीच्या मागच्या सीटवर झालं, असं मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, मी श्रीमंताघरची होते.

बाबा गाडी चालवत ती होडीसारखीच. स्टिअरिंगला ते सुकाणू म्हणत. वळण आलं की आधी मान बाहेर काढून पाण्याचा रंग बघावा तसा रस्ता बघत. आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'. गाडी ती 'गारी' आणि नारळ तो 'नारल'. कॉलेजात गेल्यावर ही बोली मी जवळजवळ दोन वर्षं लपवून ठेवली. वर्गात मी इतकं शुद्ध बोले की पार्ल्याच्या मुलीसुद्धा माझ्याकडे वळून बघत. आता नातवाला तीच बोली शिकवायला जाते, तर तो म्हणतो, "आजी, पुन्हा 'गारी' म्हण ना, भारी वाटतं!"

घरात राज्य आयचं. जानकी तिचं नाव. पहाट व्हायच्या आत ती उठे आणि तिच्या बांगड्यांनी घर उठे. चुलीवर तांदळाच्या भाकरी थापायचा आवाज, बाहेर कावळ्यांचा आणि मांजरांचा कालवा, बंदरावरून येणार्‍या हाका आणि या सगळ्याच्या वर आयचा आवाज. तिला हळू बोलता येत नसे. बाजारात बसणार्‍या बाईला हळू बोलून चालतच नाही. सकाळी भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी, दुपारी आंबट कालवण, आणि मी अभ्यासाला बसले की माझ्या पुढ्यात तव्यावरचा करकरीत बोंबील आदळून ती म्हणे, "खा. डोकं चालाला पायजे." माझ्या त्या वेळच्या वह्यांना अजून बोंबलाचा वास येतो. माझ्या लेकीनं त्या एकदा उन्हात घातल्या, तर शेजारची मांजर येऊन बसली.

आय पार्ल्याच्या मासळी बाजारात बसे. तिचा ओटा कोपर्‍यावरचा, नळाला लागून. मासळीवाल्या बाईला नळाजवळचा ओटा म्हणजे काय, हे ज्यानं बाजारात दिवस काढलेत त्यालाच कळेल. पाणी हाताशी, येणारं गिर्‍हाईक आधी तिथंच, आणि मासळी दुपारपर्यंत टवटवीत. पण तो ओटा कुणाच्या नावावर नव्हता. बायकांनीच आपापसांत ठरवलेला एक रिवाज होता. पावसाळ्यात होड्या किनार्‍यावर ओढून शाकारलेल्या असत, तेवढे महिने बाजार सुका. नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात जात आणि पहिली ताजी मासळी येई, त्या सकाळी जी बाई ज्या ओट्यावर आपली पाटी आधी ठेवील तो ओटा तिचा, पुढच्या पुनवेपर्यंत. भांडण नाही, तंटा नाही. कितीतरी वर्षं नळाचा ओटा आयचाच होता, कारण आमची हिरवी गाडी होती. तिची जुनी वैरीण मढची भागी. तिच्याही पाट्या आमच्याच बंदराला उतरत, पण तिथून पुढं ती टांग्यानं येई. दोघींचं हाडवैर, आणि एकीच्या घरी लग्न असलं की दुसरी आधी हळद दळायला हजर. असं ते वैर.

त्या वर्षी मी एक मोठेपणा केला. माझी वर्गातली मैत्रीण नलिनी, पार्ल्याची, वडील शाळेत मुख्याध्यापक, तिला मी नारळी पुनवेला घरी जेवायला बोलावलं. बोलावून तर बसले. तिच्या डोळ्यांनी मी आमचं घर बघू लागले. वाळत घातलेली जाळी चालतील. वास तर काय, दर्याचाच आहे. पण ती माडाला बांधलेली गाडी! नलिनी विचारणार, "अगं, ही बांधलीय का?" आणि मी काय सांगणार, पळून जाईल म्हणून?

पुनवेच्या सकाळी होड्या धुतल्या, रंगवल्या, पताका लावल्या. आमची गाडीही त्यांच्या रांगेतलीच. तिला बाबांनी वाळूच्या कडेपर्यंत उतरवलं आणि पांडूकाकानं दर्याच्या पाण्याच्या बादल्या तिच्यावर उपड्या केल्या. वरून, खालून, चाकांवर. गोड्या पाण्यानं होडी धुतात का कधी? मग हळदीकुंकू, झेंडूची माळ आणि समोर नारळ. आयनं हात जोडून दर्याला सांगितलं, "माजे घोवाला संबाल, माजे दिराला संबाल, न् या गारीलाबी संबाल." मग गाडी पुन्हा अंगणात येऊन माडाला बांधली गेली आणि सगळे मिरवणुकीला बंदरावर गेले.

मी मागं राहिले. केस विंचरायचेत असं सांगून. दोन्ही दगड लाथेनं कुंपणाकडे लोटले. दोराची गाठ सोडताना नख तुटलं, तांडेलानं मारलेली गाठ होती ती. दोर गोळा करून संडासामागं टाकला. मग गाडीत शिरले. कॉलेजच्या वाचनालयात मोटार चालवण्याचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, गाडी उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढावा. तो दांडा बाबांनी आजवर वापरलेला मी पाहिला नव्हता. त्यावर ते आपली टोपी अडकवत. मी टोपी काढली, दोन्ही हातांनी, पाय टेकून, दांडा ओढला. कर्र कर्र करत तो शेवटच्या खाचेत बसला. केवढं समाधान वाटलं! विज्ञानाचा विजय म्हणतात तो हाच, असं मला वाटलं.

नलिनी आली. तिनं नारळीभात खाल्ला, करंज्या खाल्ल्या आणि आय आत गेल्यावर माझ्या कानात म्हणाली, "कालचे बोंबील उरलेत का गं? आमच्या घरी सांगू नकोस हं." उरले होते. चार खाल्ले तिनं. गाडीकडे तिनं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी बाबांच्या मात्र एका नजरेत सगळं आलं.

"दोर कुठं गेला?"

"बाबा, गाडी बांधायची नसते. हँडब्रेक लावायचा असतो. मी लावलाय. पुस्तकात तसंच लिहिलंय."

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. वाकून चाकाला हात लावला, बोट जिभेला लावून बघितलं. "खारं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुजे पुस्तकात दर्या हाय कं?"

"विज्ञान सगळीकडे सारखंच असतं."

यावर मला वाटलं होतं ओरडतील. तांडेलाला उलट बोलायची पद्धत नव्हती. पण ते जरा हसले, टोपी डोक्यावर घातली आणि ओट्यावर बसलेल्या शेजार्‍यांना मोठ्यानं म्हणाले, "आजपासून दोर बंद. आमचे पोरीनं सांगितलंय. इंग्रजी पुस्तकात लिवलंय!" आणि दोर शोधायला ते गेले नाहीत. त्यांना खात्री होती की मी चुकते आहे. खूप वर्षांनी हे मला कळलं. पण चार माणसांत पोरीचं शिक्षण खोटं पाडण्यापेक्षा त्यांनी गाडीचा ब्रेक तसाच राहू दिला.

दुसर्‍या दिवशी होड्या गेल्या. दिवसभर बारीक झड लागलेली, सगळं ओलं, मिठाचा डबासुद्धा पाझरत होता. गाडी जागची हलली नाही, हलायचं कारणच नव्हतं. तिसर्‍या दिवशी पहाटे पांडूकाकाची होडी पहिल्यांतच लागली. पापलेट, सुरमई, कोळंबी. आयनं पाट्या निवडून भरल्या, डोक्याला फुलं माळली आणि पुढं बसली. बाबांनी गाडी सुरू केली, हँडब्रेकचा दांडा खाली केला, गिअर टाकला.

गाडी बसली. म्हणजे मागच्या बाजूनं खाली बसली, जशी म्हैस बसते, आणि इंजिन बंद पडलं. बाबांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. तिसर्‍या वेळी इंजिन असं रडलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली, पण मागची चाकं तसूभर फिरली नाहीत. दांडा खाली होता, ब्रेक मात्र सुटलाच नव्हता. दोन दिवस खार्‍या पाण्यात, ओल्या हवेत घट्ट दाबून ठेवलेली ब्रेकची पट्टी आतून गंजून चाकाच्या लोखंडी ड्रमला चिकटून बसली होती.

"काय झालंय?" आय ओरडली.

बाबा उतरून मागच्या चाकाशी गेले. मी पडवीत उभी होते, पुस्तक हातात. तेवढ्यात रस्त्यावरून घुंगरं वाजली. टांगा! आणि टांग्यात पाट्यांच्या मधे, नव्या लुगड्यात, मढची भागी. तिनं टांगा थांबवला. एवढी घाई असून थांबवला.

"काय गो जानके, गारी भरतीची वाट बघतंय कं?"

"जा, जा, म्होरं हो! पोचतो बघ तुजे आधी!"

"ये गो सावकास. नलाला तोपर्यंत पानी येल!" आणि घुंगरं वाजवत टांगा निघाला.

मी पुढं झाले. म्हटलं, "आय, मी दोर सोडला. ब्रेक मी लावला. नलिनी येणार म्हणून." हे एका दमात म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या शुद्ध बोलण्याची लाज वाटली.

आयनं माझ्याकडे बघितलं. आय चिडली की तिच्या नाकातली नथ हलत असे. नथ हलली. पण बोलले ते बाबा. "आता बोलाचं नाय. दोर आन."

संडासामागून दोर आणला. बाबांनी घरातून लाकडी मोगरी काढली, होडीच्या फटींत कापूस ठोकायची. गुडघा वाकत नव्हता म्हणून ते चिखलात आडवे झाले, कडेनं गाडीखाली हात घातला आणि मागच्या चाकाच्या ड्रमवर हळू हळू ठोकू लागले. जोरानं नाही. दारावर पाहुणा टकटक करतो तसं. पांडूकाका आला, त्याचे खलाशी आले, बंदरावरून बायका आल्या. दोर पुढच्या बंपरला बांधला आणि पुढं ओढायला सगळे तयार झाले, तर बाबा खालूनच ओरडले, "म्होरं नाय! आधी मागं! रुतलेली होडी कवा म्होरं वढतात कं?"

मला तेवढ्यातही राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, सुरुवातीचं घर्षण जास्त असतं, एकदा सुटलं की..."

"तू गारीत बस," बाबा म्हणाले, "न् त्या दांड्याला हात लावू नको. येवराच अभ्यास कर."

मी बसले. हात मांडीखाली दाबून. बाबांनी हाळी दिली, होडी वाळूवर चढवताना देतात तीच, आणि दोर मागच्या बंपरला घेऊन तीस-पस्तीस हातांनी मागं ओढला. काही नाही. मग मागून रेटा. काही नाही. पुन्हा मागं, पुन्हा पुढं, झोका द्यावा तसं. खाली मोगरीची टकटक. आय लुगड्याचा काष्टा खोचून दोराच्या शेवटी उभी होती आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. आणि मग खाट! असा आवाज झाला, की मला वाटलं गाडी मोडली. डावं चाक सुटलं. दोन झोक्यांनी उजवंही सुटलं, आणि गाडी अशी मागं धावली की दोर ओढणारे अर्धे लोक चिखलात बसले. सगळं वेसावं हसलं. बाबा चिखलातून उठले, तर तोंडभर गंज. "सुटली!" ते म्हणाले. "आता हिला उभी करू नका!"

नळाचा ओटा गेला. आम्ही पोचलो तेव्हा भागीनं तिथं नुसती पाटी नव्हे, आपला पानाचा डबासुद्धा मांडला होता. आयला मिळाला तो पार मागचा, गटाराच्या तोंडाशी, जिथं गिर्‍हाईक चुकूनही येत नसे. मी वाट बघत होते की आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. पण घरीही ती गप्प. वर्षभर आपल्याला त्या गटाराशी बसावं लागणार, ते माझ्यामुळे, आणि ती एक शब्द बोलत नाही, हे मला मारापेक्षा कठीण गेलं.

पंधरा दिवसांनी कॉलेज सुटल्यावर मी बाजारात गेले. लांबूनच आयचा आवाज ऐकू आला. तिचं एक जुनं गिर्‍हाईक शोधत शोधत मागं पोचलं होतं आणि विचारत होतं, "जानकीबाई, तुम्ही इकडं कशा?"

"काय सांगू बाय," आय कोळंबी मोजता मोजता सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगत होती, "माजी पोर बी.एस्सी.ला हाय. शेवटचे वर्षाला! येवरी येवरी इंग्रजी पुस्तकं वाचतंय. तिनं गारीला ब्रेक लावला, इंग्रजी पद्धतीनं. म्हनून मी हितं. घे, ही कोलंबी बघ."

ती गोष्ट ती रोज सांगे. येणार्‍या प्रत्येक गिर्‍हाइकाला. गोष्ट ऐकायला लोक मागं येऊ लागले. तिच्या सांगण्यात ब्रेक रोज थोडा लहान होत गेला आणि बी.एस्सी. थोडं मोठं. दिवाळीपर्यंत बाजारात माझं नाव 'ब्रेकवाली' पडलं. निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले, तर पहिली हाक भागीचीच, नळाच्या ओट्यावरून, "अगो, आयली! ब्रेकवाली पास झाली!" पेढा तिनं दोनदा घेतला आणि म्हणाली, "माजेमुलं तुजे आयला गटार मिलालं नाय. तुजे बी.एस्सी.मुलं मिलालं. मी नुसती टांग्यात बसले व्हते."

पुढच्या पुनवेला गाडी दोरानं बांधलेली होती. दगडही होते. गाठ बाबांनी मला मारायला लावली आणि दोनदा सोडून पुन्हा मारायला लावली. पहिल्या मासळीच्या सकाळी आम्ही इतक्या लवकर पोचलो की बाजाराचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. नळाचा ओटा आयचा झाला. तिनं पाटी मांडली, पाणी मारलं, ऐसपैस बसली. मग जरा वेळानं तिचा चेहरा उतरला. गिर्‍हाईक येत होतं, मासळी घेत होतं, जात होतं. ती इथं का बसलीय, हे कुणी विचारतच नव्हतं.

अर्धा तास तिनं कळ काढली. मग समोरच्या बाईच्या पिशवीत पापलेट टाकता टाकता आपणच आवाज चढवला, "मी गेल्या वर्षी कुठं बसले व्हते, म्हायती हाय कं तुना?"